हॉट पॉटमध्ये पोटाआधी आधण सांभाळा

प्रश्न असा आहे: सहा जणांचं कुटुंब पहिल्यांदाच 'हवं तेवढं खा' प्रकारच्या हॉट पॉटला निघालं आहे. हॉट पॉट म्हणजे टेबलावरच्या चुलीवर रस्सा उकळत ठेवून त्यात आपणच मांस-भाज्या शिजवून खायचं जेवण. त्यांत दोघं सत्तरीच्या पुढची, एक आठ वर्षांची मुलगी आणि एक जण पूर्ण शाकाहारी. वेळ 90 मिनिटांची. मांस कच्चं येणार आणि आपणच शिजवायचं, तर ते किती वेळ शिजवायचं, पोट बिघडणार नाही ना, आणि दिलेले पैसे वसूल होण्यासाठी काय काय मागवायचं?

मी अठरा वर्षं हॉट पॉटच्या उपाहारगृहांत काम करते आहे. आधी भांडी घासली, मग मांस कापलं, मग रस्से केले, आता सगळं स्वयंपाकघर बघते. तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे: समोरच्या भांड्यातलं आधण मोडू देऊ नका. चव त्यावर अवलंबून आहे, तब्येत त्यावर अवलंबून आहे आणि 90 मिनिटांत किती खाऊन होईल हेही त्यावरच अवलंबून आहे. बाकी जे सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवतीचं आहे.

भांडी घासण्याच्या दिवसांत मी एक गोष्ट शिकले. रात्री टेबलांवरची भांडी धुवायला यायची तेव्हा तळाशी काय उरलंय यावरून ते लोक कसे जेवले हे कळायचं. बहुतेक भांड्यांत कुणीतरी टाकून विसरलेले माशांचे गोळे असायचे, उकळून उकळून दोऱ्यासारखं झालेलं मांस असायचं, बटाट्याचा गाळ आणि खाली करपून बसलेल्या नूडल्स असायच्या. या टेबलांवर ताटल्यांचे ढीग आलेले असायचे, म्हणजे माणसं हौसेनं आली होती. तरी मांस एक तर अर्धं कच्चं खाल्लं गेलं होतं किंवा पार वातड होईपर्यंत राहिलं होतं. मोजकीच भांडी अशी यायची की तळाशी आल्याच्या दोन चकत्या आणि मक्याचा एखादा तुकडा, बस. अशा टेबलावरची माणसं इतरांपेक्षा कमी खात नव्हती. त्यांनी एका वेळी थोडं टाकलं होतं, एवढाच फरक.

हे का होतं, ते आकड्यांत सांगते. दोन खणांच्या भांड्यात एका खणात साधारण एक लिटर रस्सा असतो. मांसाचे पातळ काप गोठवलेल्या गुंडाळीतून यंत्रावर काढलेले असतात, कारण मऊ मांस दोन मिलिमीटर जाडीचं नीट कापता येत नाही. त्यामुळे ताटली तुमच्यासमोर येते तेव्हा त्यात बर्फ असतोच. अशी 200 ग्रॅमची एक ताटली एकदम उकळत्या लिटरभर रश्श्यात ओतली, तर चुलीची आच क्षणभर बाजूला ठेवून केलेल्या हिशेबात रस्सा 100 अंशांवरून 75 अंशांच्या आसपास उतरतो. दोन ताटल्या ओतल्या तर साठीच्याही खाली. बर्फ वितळायलाच मोठी उष्णता जाते, ती रश्श्यातून काढली जाते. टेबलावरची चूल लहान असते, पुन्हा उकळी यायला तिला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मांस धड शिजत नाही, त्यातलं पाणी मात्र सुटत राहतं आणि वर करडा फेस जमतो. उलट तीन-चार काप टाकले तर तापमान चार-पाच अंशच उतरतं आणि तुम्ही काप हलवेपर्यंत आधण पुन्हा जागेवर येतं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. एका खणाभोवती तिघं, प्रत्येकाच्या जेवायच्या काड्यांत (चॉपस्टिक्समध्ये) एकच काप. तो सोडून द्यायचा नाही, धरून रश्श्यात हलवायचा. जपानमध्ये या प्रकाराला शाबू-शाबू म्हणतात. कापड पाण्यात इकडून तिकडे खळबळावं तसा तो आवाज आहे. ओसाकातल्या सुएहिरो या उपाहारगृहानं 1952 मध्ये या पदार्थाला हे नाव दिलं. काप हलता ठेवला की दोन्ही बाजूंनी सतत ताजं गरम पाणी लागतं आणि गोमांसाचा दोन मिलिमीटरचा काप पंधरा-वीस सेकंदांत होतो. बीजिंगच्या जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या भांड्यात मधोमध निखाऱ्यांचं धुराडं असतं आणि पाणी त्याभोवतीच्या कड्यात. तिथे मटणाचे काप साध्या पाण्यात, आलं आणि पातीच्या कांद्यावर शिजवतात. त्या धुराड्यामुळे पाण्याला आतूनही आच मिळते आणि आधण फारसं मोडत नाही. तरी तिथले जाणते लोकही ताटली उपडी करत नाहीत.

आता रस्सा कोणता घ्यायचा. तुमच्या घरी ज्येष्ठ आहेत, लहान मुलगी आहे, शाकाहारी माणूस आहे, म्हणून शक्य असेल तर दोन भांडी मागा किंवा प्रत्येकाला स्वतंत्र छोटं भांडं मिळतं असं ठिकाण निवडा. पहिल्या वेळेस एक साधा रस्सा हवाच. तिखटाची आवड असेल तर दुसऱ्या खणात लाल रस्सा घ्या, पण त्याचा एक स्वभाव आधी समजून घ्या. चीनमधल्या छोंगछिंग शहराच्या पद्धतीचा लाल रस्सा गोमांसाच्या चरबीत केलेला असतो. सुक्या मिरच्या, सिचुआन मिरी आणि आंबवलेल्या कडधान्याचं लाल वाटण त्यात परतलेलं असतं. त्यावर बोटभर तवंग येतो. तवंगाखाली वाफ अडते, त्यामुळे वरून रस्सा शांत दिसतो, बुडबुडे फारसे नसतात, आणि आत मात्र तो चांगलाच कढत असतो. तोंड भाजल्याच्या बहुतेक घटना मी याच खणावर पाहिल्या आहेत. मुलीला या बाजूला बसवू नका.

लाल रश्श्याचं आणखी एक. त्याला चिनीत 'माला' म्हणतात: 'मा' म्हणजे बधिरपणा, 'ला' म्हणजे तिखट. बधिरपणा सिचुआन मिरीतल्या सांशूल या द्रव्यामुळे येतो. लंडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की ओठांना जाणवणारी ती झिणझिण सेकंदाला सुमारे 50 कंपनांसारखी असते. म्हणजे चवीपेक्षा ती स्पर्शाच्या जवळची गोष्ट आहे. हे सांगण्याचं कारण असं की बधिर झालेल्या तोंडाला चटका आणि मीठ दोन्ही उशिरा कळतात. म्हणून सुरुवात साध्या खणातून करा. आणि लक्षात घ्या, तिखटपणा चरबीत विरघळतो, त्यामुळे तवंगातून जे वर येतं ते तवंग घेऊन येतं. पालेभाजी आणि तळलेलं टोफू लाल खणात घातलं की स्पंजासारखं तिखट शोषून घेतं. पाला साध्या खणात, मांस लाल खणात, हे पहिल्या वेळेसाठी सगळ्यांत सोयीचं.

साध्या रश्श्यात काय आधी टाकायचं यालाही कारण आहे. जे रश्श्याला चव देतं आणि शिजायला वेळ घेतं ते सुरुवातीला जातं: मक्याचे तुकडे, मुळ्याच्या जाड चकत्या, टोमॅटो, शिताके मश्रूम. हे कमी संख्येनं टाका आणि विसरून जा, पाऊण तास राहिले तरी बिघडत नाहीत. मग मांस. मग कोळंबी, मासे, शिंपल्या. पालेभाजी मध्ये मध्ये, कारण ती काही सेकंदांची असते. पिठाचं, म्हणजे बटाटा, रताळ्याच्या रुंद पट्ट्या, नूडल्स, हे शेवटाकडे. पिठाचं आधी गेलं की रस्सा दाट होतो, तळ लागतो आणि दाट रश्श्यात उष्णता नीट फिरत नाही. पुन्हा तोच आधणाचा मुद्दा.

वेळा सांगते, पण घड्याळ उकळी असतानाच सुरू होतं हे धरून वाचा. गोमांस आणि मटणाचे पातळ काप पंधरा-वीस सेकंद. डुकराच्या मांसाचे पातळ काप एक मिनिटभर, कुठेही गुलाबी दिसता कामा नये. कोंबडीचे छोटे पातळ तुकडे चार-पाच मिनिटं, आणि त्यातला सर्वांत जाड तुकडा कापून बघायचा. सोललेली कोळंबी दोन-तीन मिनिटं, वळून पूर्ण पांढरट-केशरी होईपर्यंत. माशाचा काप पांढरा होऊन पदर सुटायला लागला की झाला, तो झाऱ्यातच ठेवून शिजवा, नाहीतर हरवतो. शिंपल्या उघडेपर्यंत, न उघडलेली जोर करून उघडायची नाही, टाकून द्यायची. गोठवलेले गोळे वर तरंगायला लागले म्हणजे झाले असं बहुतेकांना वाटतं, पण तेव्हा बाहेरचा थर झालेला असतो. तरंगल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा. कोळंबीचं वाटण बांबूच्या नळीतून किंवा ताटलीतून येतं. ते लिंबाएवढं नको, सुपारीएवढ्या गोळ्यांनी सोडा, चार-पाच मिनिटं द्या. सारण भरलेले गोळे असतात, त्यांत आत कढत रस असतो. मुलीच्या वाटीत देण्याआधी ते अर्धे कापा, नक्की.

गाईच्या पोटाच्या पडद्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण छोंगछिंगच्या हॉट पॉटचा तो जीव आहे आणि तोच सर्वांत जास्त वाया जातो. चिनीत त्यासाठी म्हणच आहे: सात वेळा वर, आठ वेळा खाली. पडदा काड्यांत धरायचा, उकळीत बुडवायचा, उचलायचा, पुन्हा बुडवायचा. असे साधारण पंधरा सेकंद. उचलल्यावर पडद्यावरचे बारीक काटे ताठ होतात आणि कडा वळतात, तेव्हा तो चावताना कुरकुरीत लागतो. वर-खाली करण्यामागचं कारण साधं आहे. बाहेर काढल्यावर तो क्षणभर थंडावतो, एकदम आकसत नाही, आणि डोळ्यांना बदल दिसतो. सोडून दिलात तर मिनिटभरात वातड होतो. तिथल्या जुन्या भांड्यांना नऊ खणांची जाळी असते. मधला खण सर्वांत जोरात उकळतो, तो पोटाच्या पडद्यांसाठी आणि बदकाच्या आतड्यांसाठी. कोपऱ्यांतले खण संथ असतात, तिथे सावकाश शिजणारं घालतात. तुमच्या टेबलावर अशी जाळी नसली तरी चुलीच्या मधोमध आणि कडेला हा फरक असतोच. झटपट व्हायचं ते मध्ये, मुरायचं ते कडेला.

आता पोट बिघडण्याची भीती. ती रास्त आहे, आणि त्यावरचा उपाय टेबलावरच असतो. कच्च्याला लावायच्या काड्या वेगळ्या आणि खायच्या वेगळ्या. हे मी प्रत्येक नव्या वेटरला पहिल्या दिवशी सांगते. कच्चं कोंबडीचं मांस काड्यांनी उचलून भांड्यात सोडलं आणि त्याच काड्यांनी शिजलेला घास तोंडात घातला, तर शिजवण्याचा उपयोग राहिला नाही. टेबलावर एक चिमटा किंवा लांब काड्यांची एक जोडी कच्च्यासाठी ठेवा, नसेल तर मागून घ्या. कच्च्या मांसाची ताटली चटणीच्या वाट्यांच्या आणि फळांच्या वरच्या बाजूला ठेवू नका, तिच्यातलं पाणी गळतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनात कोंबडीसाठी आतलं तापमान 74 अंश, खिम्यासाठी 71 आणि माशासाठी 63 अंश दिलं आहे. वर सांगितलेला दोन ताटल्यांचा हिशेब आठवा: साठीच्या खाली गेलेल्या रश्श्यात यांतलं काहीच गाठता येत नाही. एक सवय लावा. कुणीही कच्ची कोंबडी किंवा डुकराचं मांस टाकलं की पुन्हा खळखळून उकळी येईपर्यंत त्या खणातून कुणीच काही काढायचं नाही.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन गोष्टी. एनोकी म्हणून पांढऱ्या, दोऱ्यांसारख्या मश्रूमच्या जुड्या येतात. लोक त्यांना कोशिंबिरीच्या पानासारखं समजून नुसतं बुडवून खातात. 2020 मध्ये अमेरिकेत एनोकीतून लिस्टेरिया हा जंतू पसरला आणि चार जण दगावले. लिस्टेरिया वयस्कर माणसांना आणि गरोदर बायकांना जास्त त्रास देतो, आणि तो थंड कपाटातही, म्हणजे फ्रिजमध्येही, वाढतो. जुडी सुटी करून किमान दोन-तीन मिनिटं उकळीत ठेवा. दुसरी गोष्ट वुड इअर या काळ्या, कानासारख्या दिसणाऱ्या मश्रूमची. तो वाळवलेला येतो आणि भिजवावा लागतो. उबेत फार वेळ भिजत राहिला तर त्यात बोंगक्रेकिक आम्ल हे विष तयार होऊ शकतं, आणि ते उकळून जात नाही. आमच्याकडे तो दर पाळीला नवा, थंड कपाटात भिजवतात आणि उरलेला टाकतात. तुमच्यासमोर आलेला मश्रूम बुळबुळीत किंवा आंबूस वासाचा असेल तर परत पाठवा. संकोच करू नका. चांगल्या स्वयंपाकघराला असं कळलेलं हवंच असतं. काही ठिकाणी जपानी पद्धतीप्रमाणे कच्चं अंडं बुडवणी म्हणून देतात; ज्येष्ठांनी आणि मुलीनं ते टाळावं.

शाकाहारी माणसाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण याबाबत टेबलावर फार गैरसमज असतात. लाल रस्सा दिसायला नुसता मिरचीचा, पण चरबी बहुधा गोमांसाची. वनस्पती तेलातला रस्साही अनेक ठिकाणी मिळतो, त्यामुळे आधी विचारा. 'मश्रूमचा रस्सा' किंवा 'टोमॅटोचा रस्सा' या नावावरही जाऊ नका. खाली कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचं पाणी असू शकतं. "रश्श्यात मांस आहे का?" असं विचारलंत तर घाईतला वेटर तुकडे नाहीत एवढंच बघून "नाही" म्हणेल. "रस्सा कशाच्या पाण्यात केला आहे आणि चरबी कोणती आहे?" असं विचारा. दोन खणांचं भांडं हा शाकाहारी माणसासाठी उपाय नाही. जोरात उकळलं की मधल्या पत्र्यावरून रस्सा उडतो, आणि पळी इकडची तिकडे जातेच. त्याला स्वतंत्र भांडं, स्वतंत्र पळी आणि टेबलाचा एक कोपरा द्या. चटण्यांतही बघावं लागतं: शाचा नावाच्या वाटणात सुके मासे आणि सुकी कोळंबी असते, ऑइस्टर सॉस शिंपल्यांचा असतो. खेकड्याची कांडी म्हणून मिळणारी गोष्ट माशाच्या लगद्याची असते आणि त्यात गहू आणि अंड्याचा पांढरा भागही असू शकतो. म्हणून ज्यांना या कशाची ॲलर्जी आहे त्यांनीही जपावं. तीळ आणि शेंगदाणे तर चटण्यांच्या टेबलावर जिकडेतिकडे असतात, आणि तिथले चमचे एकमेकांच्या वाटीत फिरतात.

तरीही शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात असं समजू नका. गोठवून वितळवलेलं टोफू मागवा. गोठताना त्यात बर्फाचे कण होऊन भोकं पडतात आणि नंतर ती रश्श्यानं भरतात. चावला की रस तोंडात येतो. कमळकाकडी, सोयाची वाळवलेली साय, कोंजॅक या कंदाच्या पिठाच्या गाठी, तीन-चार प्रकारचे मश्रूम, मका, चायनीज कोबी. मश्रूम आणि कोबीच्या जोरावर दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या भांड्यात उत्तम रस्सा तयार होतो, बहुतेकदा टेबलावरचा सर्वांत चांगला.

चटणीची वाटी भरताना दहा गोष्टी एकत्र करण्याचा मोह होतो. तो आवरा. लाल रश्श्यासाठी तिळाचं तेल, बारीक लसूण आणि कोथिंबीर, एवढंच पुरे. तेलानं तिखटाची धार कमी होते आणि कढत घास थोडा निवतो. साध्या रश्श्यातल्या मटणासाठी तिळाचं दाट वाटण, पाण्यानं सैल केलेलं, त्यात हवं तर आंबवलेलं टोफू. शाबू-शाबूसाठी लिंबूवर्गीय फळांच्या रसाचा पोंझू. चटणीचं दुसरं काम थंडावा देण्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये 65 अंशांहून गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. आधणातून काढलेला घास त्याहून बराच गरम असतो. वाटीत बुडवा, दोन श्वास थांबा, मग खा.

पैसे वसूल करण्याचं उत्तर मी मुद्दाम उशिरा देते आहे. महाग मांसाच्या ताटल्या मोजत बसण्यानं काही हाती लागत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत पोट कशानं भरतं ते बघा: गोड फसफसती पेयं, तळलेले पदार्थ, भात, नूडल्स. हे सगळं काउंटरवर सर्वांत जवळ ठेवलेलं असतं, आणि भुकेल्या माणसाचा हात तिकडेच जातो. पोट भरल्याचं कळायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर खाऊन झालेलं असतं. म्हणून आधी साध्या रश्श्याची एक छोटी वाटी घ्या, अजून त्यात मांस पडलेलं नाही, मीठ कमी आहे. मग हळूहळू मांस.

मागवण्याचा वेग आधणाच्या वेगाशी जुळला पाहिजे. एकदा पाच जणांच्या टेबलानं पहिल्या पाच मिनिटांत वीस ताटल्या मागवल्या. टेबलावर जागा उरली नाही, ताटल्या एकमेकींवर चढल्या, मांस वितळून पाण्यात पोहायला लागलं. घाबरून त्यांनी सगळं भांड्यात लोटलं. आधण पुन्हा आलंच नाही. पाऊण तासात ते कंटाळले, निम्म्याहून जास्त मांस उरलं, आणि उरलेल्याचा दंड भरावा लागला. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मला अजून आठवते, वाढदिवस होता. अनेक ठिकाणी उरलेल्या अन्नाचे वेगळे पैसे लावतात, आणि मला तो नियम योग्य वाटतो. गोठवलेलं मांस एकदा टेबलावर वितळलं की ते आम्हाला परत घेता येत नाही, टाकावंच लागतं.

सहा जणांसाठी पहिल्या फेरीत मांसाच्या चार ताटल्या, भाज्यांची एक मिश्र टोपली, एक टोफू आणि एक गोळे, एवढं पुष्कळ आहे. त्यातल्या दोन ताटल्या संपत आल्या की पुढची दोन मागवा. नवा पदार्थ आधी एकच मागवून चाखा, आवडला तर पुन्हा. मध्ये पाच मिनिटं सगळ्यांनी काड्या खाली ठेवा, फेस काढा, भांड्यातला कमी झालेला रस्सा वाढवून घ्या. 90 मिनिटांच्या ठिकाणी शेवटचं मागवणं बहुधा 15 किंवा 20 मिनिटं आधी बंद होतं. बसतानाच विचारून ठेवा, कारण त्या घाईतच सर्वांत जास्त वाया जाणाऱ्या ताटल्या येतात.

रस्सा वाढवण्याचं सांगायचं राहिलं. एक हजार वॅटची आच पूर्णपणे वाफ करण्यातच गेली तर जवळजवळ 38 मिनिटांत एक लिटर पाणी उडून जातं. पाणी जातं, मीठ राहतं, वरून मांस आणि गोळे आणखी मीठ सोडतात. म्हणून आच सतत पूर्ण ठेवायची नाही. काही टाकायचं त्याआधी वाढवायची, काढल्यावर कमी करायची. हे काम एकाच माणसाकडे सोपवा. रस्सा वाढवायला साधं गरम पाणी किंवा बिनमिठाचा रस्सा मागा. गारठलेलं पाणी ओतलंत की उकळीसाठी पुन्हा काही मिनिटं थांबावं लागेल. आणि पाऊण तासानंतरचा रस्सा पिऊ नका. मांसातली प्युरिनं, म्हणजे शरीरात युरिक आम्ल वाढवणारी द्रव्यं, पाण्यात उतरतात, त्यामुळे ज्यांना गाउटचा (युरिक आम्लामुळे होणाऱ्या सांधेदुखीचा) त्रास आहे त्यांनी तर अजिबात नको. रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना मिठाचं कारण पुरेसं आहे. लाल रस्सा कुठल्याच टप्प्यावर प्यायचा नसतो, तो शिजवण्यासाठीच असतो.

बसण्याची रचना जाण्याआधीच ठरवा. आच सांभाळणारा माणूस बटणांच्या बाजूला. मुलगी भांड्यापासून एक हात लांब, भिंतीच्या किंवा मोठ्या माणसाच्या आडोशाला, कारण वेटर कढत रश्श्याची किटली घेऊन टेबलाच्या मोकळ्या बाजूनं येतो. चूल विजेची असली तरी भांडं उचलल्यावर काच गरमच असते, हे तिला आधी दाखवून सांगा. भांड्यात टाकण्याचं काम तिला देऊ नका, काय टाकायचं हे मात्र तिला ठरवू द्या. मुलं अशी जेवताना जास्त आनंदात असतात. मका तिला हमखास आवडेल, पण तुकडा आतून बराच वेळ कढत राहतो, वाटीत पाच मिनिटं ठेवूनच द्या.

शेवटी पोटात थोडी जागा असेल तर साध्या खणातला रस्सा गाळून घ्या, अर्धा काढून त्यात तितकंच गरम पाणी घाला, आणि उकळी आली की नूडल्स सोडा. जपानमध्ये जेवण असं जाड नूडल्सनी किंवा भाताच्या पातळ पेजेनं संपवतात. कोरियात आधी नूडल्स, मग उरलेल्या रश्श्यात भात आणि अंडं घालून पेज. पेज करणार असाल तर भात घातल्यावर आच कमी करा आणि पळी तळापर्यंत फिरवत राहा. अंडं फोडून घातलं की झाकण ठेवा, चूल बंद करा आणि घट्ट होईपर्यंत दोन मिनिटं हात लावू नका. शाकाहारी माणसाच्या भांड्यात हीच पेज मश्रूमच्या रश्श्यात करा, अंड्याऐवजी टोफू कुस्करून घाला.